साठी उलटल्यावर ऐकलेली तबकडी

प्रत्येक घराच्या माळ्यावर एखादी तरी अशी वस्तू असते की जी वापरात नसते आणि जी टाकून देण्याचे धैर्यही कोणास होत नाही. माझ्या घरी ती वस्तू म्हणजे एक ध्वनिमुद्रिका. तिच्या वेष्टणाची पाठ उसवलेली, कडा कसरीने कुरतडलेल्या, आणि तबकडीला उन्हाने असा बाक आलेला की तिच्यावर सुई टेकली तर ती लाटेवरील होडीप्रमाणे डोलू लागावी. दोन गावे आणि सहा बिऱ्हाडे बदलताना पुष्कळ सामान हरवले, पुष्कळ वाटून टाकले. ही मात्र राहिली. वाचकहो, या वेळी तिच्याविषयीच आपणांशी बोलावे असे मनात आहे.

ध्वनिमुद्रिकेचे नाव 'सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड'. नाव लांबलचक आणि काहीसे चक्रम आहे, आणि तसे ते बुद्ध्याच ठेवलेले होते. लिव्हरपूल या इंग्रजी बंदरातील जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार या चौघांच्या 'बीटल्स' नामक रॉक संगीताच्या जथ्याची ही कृती. १९६७ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस ती इंग्लंडात प्रसिद्ध झाली, तेव्हा चौघांत थोरला जो रिंगो तो अवघा २६ वर्षांचा होता.

आमच्याकडे ती आली १९७३ साली. आम्ही तेव्हा बडोद्यास, दांडिया बाजारातील एका वाड्यात राहत होतो. माझ्या मित्राचा थोरला भाऊ व्यापारी जहाजावर नोकरीस होता. त्याने परदेशातून येताना ही तबकडी आणली, मित्राने ती मला ऐकावयास म्हणून दिली आणि त्याचे बिऱ्हाड पुढे दुसऱ्या गावी गेले तेव्हा ती माझ्याकडेच राहिली. मी १६ वर्षांचा होतो. माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, शाळेत गणित शिकवीत आणि संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की पेटी काढून नाट्यपदे वाजवीत. बालगंधर्वांवर त्यांची अपार भक्ती. माझ्या या विलायती संगीताला त्यांच्या कोशात एकच शब्द होता: गलका.

परंतु एके दिवशी असे घडले की मी तबकडीची दुसरी बाजू लावली होती आणि नाना आंघोळीहून येता येता, अंगावर पंचा, केस ओले, तसेच दारात थबकले. त्या बाजूचे पहिलेच गीत 'विदिन यू विदाउट यू' हे हॅरिसन यांचे आहे, आणि त्यात तंबोरा, तबला व दिलरुबा ही आपली वाद्ये वाजतात. नाना सबंध गीत संपेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "दिलरुबा कोण वाजवतो आहे रे?" मी वेष्टण उलटसुलट करून पाहिले. नाव नव्हते. "नाव नाही?" नाना म्हणाले, "मीड इतकी स्वच्छ काढणाऱ्याचे नाव छापायला यांच्या शाईला काय धाड भरली होती?" आणि ते आत निघून गेले. त्या तबकडीवर त्यांनी माझ्याशी केलेले एवढेच बोलणे.

या गीताविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. हॅरिसन १९६६ च्या शरदात मुंबईस येऊन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकले होते, आणि परत गेल्यावर आपल्या जथ्याच्या जुन्या ढंगाच्या गाण्यांत त्यांचे मन फारसे रमेना. हे गीत ध्वनिमुद्रित झाले तेव्हा बीटल्सपैकी ते एकटेच त्यात होते. बाकीचे वादक लंडनमधील हिंदी मंडळींपैकी. स्वरांचा साचा आपल्या खमाज थाटाचा. गायन त्रितालाच्या अंगाने चालते आणि मधला केवळ वादनाचा भाग १० मात्रांच्या झपतालाकडे वळतो. निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी वर ८ व्हायोलिने आणि ३ चेलो बसविली आणि त्या पाश्चात्त्य वादकांकडून दिलरुब्याच्या मींडेबरहुकूम सूर सरकवून घेतले. ज्यांनी आयुष्यभर प्रत्येक स्वर आपापल्या जागी सुटा ठेवण्याची तालीम घेतली त्यांना दोन स्वरांमधल्या वाटेवरून चालावयास लावणे हे सोपे काम नव्हे. गीत संपताच कोणी माणसे हसल्याचा आवाज येतो. तो हॅरिसन यांनीच मुद्दाम घातलेला आहे. एवढ्या गंभीर तत्त्वचिंतनानंतर श्रोत्याने अवघडून बसू नये, असा त्यातील हेतू.

आणि वादकांची नावे? वेष्टणावर ती खरोखरच नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीच्या 'रिव्हॉल्व्हर' या ध्वनिमुद्रिकेवर अनिल भागवत या तबलावादकाचे नाव छापले गेले होते. या वेळी तेवढेही झाले नाही. कित्येक दशकांनंतर अभ्यासकांनी ती नावे शोधून काढली. तबल्यावर नटवर सोनी, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा, आणि दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर. ही नावे माझ्या वाचनात आली तेव्हा नानांना जाऊन पुष्कळ वर्षे लोटली होती.

आता ही सबंध तबकडी कशी जन्मली ते थोडक्यात. १९६६ च्या ऑगस्टात सॅन फ्रान्सिस्को येथे बीटल्सनी आपला अखेरचा जाहीर जलसा केला. श्रोत्यांच्या किंकाळ्यांपुढे त्यांचे त्यांना वाजविलेले ऐकू येईनासे झाले होते. गवयाला स्वतःचा सूर ऐकू येऊ नये, याहून मोठी शिक्षा ती कोणती? त्यांनी दौरे सोडले आणि नोव्हेंबरमध्ये लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहात ठाण मांडले. १९६३ साली याच मंडळींनी आपल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील १० गाणी एका दिवसात उरकली होती. या खेपेस त्यांनी जवळजवळ ५ महिने घेतले. मॅकार्टनी यांची कल्पना अशी की आपण आपण नाहीच, आपण सार्जंट पेपर नावाच्या कोणा कल्पित गृहस्थाचा बँड आहोत, असे समजून वाजवावे. नाटकवेड्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मुखवटा चढला की भीड चेपते.

यंत्रसामग्री मात्र आजच्या दृष्टीने अगदी दरिद्री. टेपवर ध्वनीचे मार्ग चारच. चारही भरले की ते एकत्र करून दुसऱ्या यंत्राच्या एका मार्गावर उतरवावयाचे आणि उरलेल्या जागेत पुन्हा नवे वाजवावयाचे. प्रत्येक वेळी मूळ आवाजावर थोडी धूळ बसल्यासारखी व्हायची. पुढे मी स्वतः या धंद्यात शिरलो म्हणून सांगतो की, या अडचणीतच त्या तबकडीचे निम्मे वैभव आहे. मागाहून बदलता येणार नाही हे ठाऊक असले की माणूस आधी विचार करतो.

शेवटचे गीत, 'अ डे इन द लाइफ', हे त्या विचाराचे शिखर होय. त्यातील २४ मापांची एक मोकळी जागा भरण्यासाठी ४० वादकांना बोलाविण्यात आले. त्यांना सांगितले ते असे की, आपापल्या वाद्याच्या सर्वांत खालच्या स्वरापासून निघून ठरल्या वेळी सर्वांत वरच्या स्वराशी पोहोचा, मात्र शेजाऱ्याकडे लक्ष देऊ नका! आयुष्य शेजाऱ्याबरोबर एकजीव होण्यात घालविलेली ती प्रतिष्ठित मंडळी. शिवाय त्यांना समारंभी पोशाख घालून यावयास सांगितले होते आणि आल्यावर विदूषकी टोप्या व खोटी नाके वाटण्यात आली होती. त्यातून जो ध्वनी निघाला तो ऐकताना आजही पोटात खड्डा पडतो. त्यानंतर येतो अखेरचा स्वरसमूह: तीन पियानोंवर एकाच क्षणी आघात झालेला, आणि त्याच्या जोडीला मार्टिन यांची हार्मोनियम. तो ४० सेकंदांहून अधिक काळ विरत जातो. तो विरत असता ध्वनिमुद्रक जेफ एमरिक मुद्रणाची पातळी वाढवीत राहिले. ती अखेरीस इतकी वाढली की कान देऊन ऐकणाऱ्यास खोलीतल्या खुर्चीची कुरकुर ऐकू येते. ही कुरकुर मी १९७३ साली ऐकली नव्हती. त्या एककर्णी ग्रामोफोनवर ती ऐकू येणे शक्यही नव्हते.

कुटुंबातील सर्वांच्या हाती पडणाऱ्या या पानावर आणखी एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नव्हे. त्या काळी ही मंडळी मादक द्रव्ये घेत असत. मॅकार्टनी यांनी १९६७ मध्ये ते जाहीरपणे कबूलही केले. बी. बी. सी. ने याच संशयावरून 'अ डे इन द लाइफ' प्रक्षेपित करण्याचे नाकारले. तरुणपणी आम्हांस त्यात काही शौर्य वाटे. आता वाटते ते एवढेच की ४ मार्गांचा, २४ मापांचा आणि ४० वादकांचा हिशेब तंद्रीत लागत नसतो. तो जागे राहूनच लावावा लागतो. आणि 'गेटिंग बेटर' नावाचे जे आनंदी गीत आहे, ज्यात हॅरिसन यांचा तंबोराही घुमतो, त्यात गाणारा पुरुष आपण पूर्वी बायकोला मारीत असू अशी कबुली देतो. ते गीत मी शेकडो वेळा गुणगुणलो. ती ओळ मला पन्नास वर्षांत ऐकू आली नाही! चाल गोड असली की आपण काय काय गिळून टाकतो पाहा.

वेष्टणाच्या चित्राचीही एक हकीकत आपणां हिंदी वाचकांच्या कानी घातली पाहिजे. चौघांच्या मागे जगातील नामवंतांची पुठ्ठ्याची चित्रे दाटीने उभी केली आहेत. त्यांत हॅरिसन यांच्या आग्रहावरून परमहंस योगानंद, श्रीयुक्तेश्वर, लाहिरी महाशय आणि बाबाजी हे चार सत्पुरुष आहेत. महात्मा गांधींचेही चित्र तयार होते. परंतु हिंदुस्थानात लोक रागावतील या धास्तीने ध्वनिमुद्रिका कंपनीच्या प्रमुखांनी ते काढावयास लावले. माझे मत विचाराल तर तो निर्णय योग्यच झाला. बापूजींना त्या गर्दीत अगदी अवघडल्यासारखे झाले असते.

आता ज्या गीतासाठी हे सारे सांगावयास घेतले त्याकडे वळतो. पहिल्या बाजूवर शेवटून दुसरे 'शीज लीव्हिंग होम' हे गीत आहे. घर सोडून गेलेल्या एका १७ वर्षांच्या मुलीची बातमी मॅकार्टनी यांनी वर्तमानपत्रात वाचली आणि तिच्यावरून हे रचले. गीतात चौघांपैकी कोणाचेही वाद्य नाही. फक्त तंतुवाद्ये आणि एका स्त्रीवादकाचे हार्प. मुलगी पहाटे चिठ्ठी ठेवून हळूच निघून जाते. आईला ती चिठ्ठी जिन्यात सापडते. वडील अजून घोरत आहेत. मॅकार्टनी हकीकत सांगतात आणि तिच्यामागून लेनन यांचा आवाज आईबापांचा विलाप गातो: आम्ही काय कमी केले, पैशाने मिळेल ते सारे दिले. लेनन यांचा सांभाळ मावशीने केला होता, आणि हे शब्द आपल्याला मिमी मावशीच्या बोलण्यातून मिळाले असे ते पुढे सांगत. (बातमीतील त्या खऱ्या मुलीला आईवडिलांनी थोड्याच दिवसांत शोधून परत आणले. गीतातली मुलगी मात्र कधीच परत येत नाही.)

१९ वर्षांचा असताना मी ते गीत जगलो. नानांची इच्छा अशी की मी एम. एस्सी. होऊन अध्यापक व्हावे. मला या तबकडीने असे झपाटले होते की, जेथे आवाज टेपवर उतरतो त्या खोलीत, मग झाडू मारावा लागला तरी चालेल, पण शिरावयाचे. मुंबईच्या एका लहानशा ध्वनिमुद्रणगृहात शिकाऊ उमेदवार म्हणून मला बोलावणे आले आणि १९७६ च्या जूनमध्ये, घरात कोणास न सांगता, मी रात्रीची गाडी धरली. चिठ्ठी पेटीच्या झाकणावर ठेवली. गाडीत मला वाटत होते की तंतुवाद्ये माझ्यासाठीच वाजत आहेत. लेनन यांच्या वाट्याच्या ओळी मला तेव्हा नुसत्या हास्यास्पद वाटत. जुन्या पिढीची रडकथा वाटे. दिवाळीस घरी गेलो तेव्हा नानांनी एवढेच विचारले की पगार वेळेवर मिळतो काय. पुढे ते १९९८ मध्ये गेले. त्या चिठ्ठीविषयी आम्ही दोघे एका अक्षरानेही कधी बोललो नाही.

२०२१ साली मला ६४ वर्षे पूर्ण झाली. बंगळूरला असलेली माझी कन्या त्या साथीच्या दिवसांत येऊ शकत नव्हती. तिने एक खोके धाडले. आत नवा रेकॉर्ड प्लेअर होता आणि हीच ध्वनिमुद्रिका, २०१७ साली तिच्या पन्नाशीनिमित्त नव्याने सिद्ध केलेली. थट्टा मला कळली, कारण दुसऱ्या बाजूवर 'व्हेन आय ॲम सिक्स्टी-फोर' हे गीत आहे. मॅकार्टनी यांनी त्याची चाल शाळकरी वयात बांधली होती, ते मुद्रित झाले त्या वर्षी त्यांचे वडील ६४ वर्षांचे झाले होते, आणि आवाज अधिक कोवळा वाटावा म्हणून टेप अर्धा स्वर वर चढेल इतकी जलद फिरविली होती. म्हातारपणाच्या गाण्यासाठी आवाज लहान करावयाचा! ही कन्याही २४ व्या वर्षी आम्हांस न विचारता नोकरी ठरवून मोकळी झाली होती. मी तेव्हा तिच्याशी महिनाभर धड बोललो नव्हतो, हे येथे नमूद करतो.

आई माझ्याकडेच असते. तिच्या खोलीला लागून मी यंत्र मांडले आणि पहिली बाजू लावली. सगळे ठीक चालले होते. पण 'शीज लीव्हिंग होम' सुरू झाले आणि माझा चेहरा पडला. गीत भराभर चालले होते, सूरही चढा. मी आठवणीत जपलेले गीत जडशीळ, रेंगाळणारे होते. यंत्राची गती चुकली असे समजून मी मुलीला दूरध्वनी केला. परंतु बाकीची गीते तर बरोबर होती. मागाहून वाचून उलगडा झाला. १९६७ साली बीटल्सनी आपले सर्व लक्ष एकमार्गी मिश्रणावर घातले होते, कारण घरोघरी तीच यंत्रे असत. त्यात हे गीत जलद, अर्धा स्वर वरच होते. स्टिरिओ मिश्रण इतरांनी मागाहून झटपट उरकले आणि त्यात गती मंद राहून गेली. माझी तबकडी त्या दुसऱ्या जातीची. जॉर्ज मार्टिन यांचे पुत्र जाइल्स यांनी २०१७ मध्ये नवे मिश्रण करताना मूळची जलद गती परत आणली. म्हणजे ज्या मंद लयीवर मी आपला गृहत्याग इतकी वर्षे रंगवीत आलो ती कर्त्यांना अभिप्रेतच नव्हती.

जलद लयीत त्या गीताचा अर्थच मला निराळा वाटला. मुलीची वाट आता लांबलचक राहिली नव्हती. ती चटकन निघूनच गेली. उरले ते मागचे दोघे. लेनन यांच्या ओळी या वेळी मी खाली मान घालून ऐकल्या.

"काय म्हणतात रे ते?" आईने आतून विचारले. मी तिला कथा सांगितली. मुलगी, चिठ्ठी, जिना, घोरणारे वडील, सारे.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझी चिठ्ठी मला तीन दिवस ठाऊकच नव्हती. ह्यांनी पहाटे उठून वाचली आणि कोटाच्या खिशात घातली. मला म्हणाले, पोरगा अहमदाबादला फॉर्म भरायला गेलाय. मी आपली तुझ्या वाटणीच्या पोळ्या झाकून ठेवत होते. तुझं पोचल्याचं कार्ड आलं, तेव्हा आधी कार्ड दाखवलं आणि मग चिठ्ठी."

"नानांनी मला हे कधी सांगितलं नाही."

"तुला कशाला सांगतील? मलाही म्हणाले, त्याला बोलू नकोस." आणि ती पुन्हा पडून राहिली.

नाना त्या तीन दिवसांत शाळेत जाऊन वर्गावर गणित शिकवीत होते, संध्याकाळी घरी येत होते. त्यांनी पेटी काढली होती की नाही, हे आईला विचारण्याचे मला सुचले नाही आणि मग धीरही झाला नाही. पहिली बाजू केव्हाच संपली होती, सुई मधल्या रिकाम्या जागेत खरखरत होती. मी उठून तबकडी उलटली.

दिलरुबा सुरू झाला.

"हे ऐकायला हे दारात उभे राहिले होते," आई म्हणाली. "पंच्यावर."

मी म्हटले, "त्या वादकांची नावं आता कळली आहेत, आई. एक अमृत गज्जर, आणि दुसरे अण्णा जोशी."

"जोशी?" आई उशीवर कोपर टेकून उठून बसली. "कुठले जोशी?"

ते मला सांगता आले नाही.